शिसपेन्सिल

प्रथमोपचाराची पेटी ग्रंथालयात असते,
कारण ग्रंथालयाला कुलूप आहे
आणि किल्ली माझ्या कमरेला.
एवढंच माझं वैद्यकीय शिक्षण.

पद्मावतीच्या आमच्या शाळेत
मुलांना रोज काहीतरी लागतं:
भूक, तहान, बाकाचा कोपरा,
एकमेकांचे शब्द.

आज तांबोळींचा अर्शद आला
उजव्या हाताने डावा हात धरून,
जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.
तळव्यात, आयुष्यरेषेच्या जरा अलीकडे,
काळं टोक.
दोन पावलं मागे शर्वरी घुले,
मूठ घट्ट मिटलेली.
"त्यानेच हात मध्ये आणला,"
हे ती माझ्याशी नाही,
शब्दकोशांच्या कपाटाशी बोलली.

नळ सोडला. आधी माझे हात, साबणाने,
मग त्याचा.
म्हटलं, खडकवासल्याचं पाणी अख्ख्या पुण्याला पुरतं,
तुझ्या एवढ्याशा भोकाला पुरेल.
तो हसला नाही.
"बाई, शिसं रक्तात जातं ना?
दादाजान म्हणतात, शिसं विष असतं."

दादाजानचं बरोबर आहे, अर्शद.
चूक नावाची आहे.
शिसपेन्सिलीत शिसं नसतं रे,
ग्राफाइट असतं आणि भाजलेली माती.
कुणीतरी कधीतरी चुकीचं लिहिलं
आणि आपण सगळे
तेच गिरवत बसलो.

चिमटा स्पिरिटने पुसला.
त्याला खिडकीशी नेलं, उजेडात.
ज्या कोनातून घुसलं त्याच कोनातून काढायचं,
खोदायचं नाही, पिळायचं नाही,
खोल असेल तर हातच लावायचा नाही, थेट डॉक्टर.
हे सगळं पेटीच्या झाकणातल्या कागदावर आहे.
शेवटची ओळ झुरळांनी खाल्लीय.

आलं टोक. तिळाएवढं.
मागून रक्ताचा एकच थेंब,
उशिरा आलेल्या मुलासारखा
दारातच थांबलेला.

"सगळं आलं का?"
हे त्याने नाही विचारलं.
तिने विचारलं, आणि मूठ उघडली.

रजिस्टरच्या कोऱ्या पानावर
मी टोक ठेवलं, तिने मोडकी पेन्सिल.
तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.
कडेला कड लावून पाहिली,
फिरवून पाहिली, पुन्हा लावली.
जुळलं.
म्हणजे जवळजवळ.
एक कण कमी होता
की माझ्या चष्म्याचा नंबर वाढला होता,
ते काही ठरेना.

मग मी माझा तळवा दाखवला.
करंगळीच्या मुळाशी निळसर ठिपका,
चाळीस वर्षांचा.
चौथीत, कुंदा परदेशीने,
गणित दाखवलं नाही म्हणून.
ती पेन्सिल घेऊन पळाली होती,
जुळवून पाहायला काही उरलंच नव्हतं.
घरी मी सांगितलं, पडले.
आईने हळद दाबली.

"दुखतं?" अर्शदने विचारलं.
नाही.
"कुणी केलं, आठवतं?" हे शर्वरीने.
नाही, म्हटलं.
कुंदाचं नाव जिभेवरून
परत घशात ढकललं.

मलम, पट्टी, आणि घरी द्यायची चिठ्ठी:
धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलं होतं ते पाहावे.
लाली पसरली, हात गरम लागला, ठणकू लागला, पू आला,
तर वाट न पाहता कॉर्पोरेशनच्या दवाखान्यात न्यावे.
ठिपका राहिल्यास
इथे पेन थांबलं.
ठिपका राहिल्यास काय?
ते खोडून टाकलं, खाली सही केली.

रजिस्टरमध्ये 'कारण' असा एक रकाना आहे.
दोघंही माझ्या हाताकडे बघत होती.
लिहिलं: पेन्सिल.

शर्वरीने टोकयंत्र मागितलं.
दिलं.
ती तिथेच उभी राहून फिरवू लागली,
साल माझ्या टेबलावर पडत राहिली,
लाल-काळी, झालर असलेली.
"फार टोक नको काढू," अर्शद म्हणाला.
तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.
आणखी दोन फेरे दिले,
टोक बोटाच्या पेरावर लावून बघितलं,
आणि घंटा झाली.